लाल फाक कुणाची? यीस्टमध्ये गुणसूत्र गळतंय असं वाटतं तेव्हा काय काय तपासायचं

आमच्या लॅबमध्ये हे वर्षातून तीन-चारदा तरी घडतं. कुणीतरी पेट्री प्लेट ट्यूबलाइटकडे धरून लगबगीने येतं. "ताई, बघा ना, म्युटंट प्लाझ्मिड टाकतोय!" (प्लाझ्मिड म्हणजे पेशीत घातलेलं डीएनएचं छोटं कडं. गुणसूत्राचा बदली खेळाडू म्हणून आपण ते वापरतो.) प्लेटवर पांढऱ्या कॉलन्या असतात आणि त्यातल्या काहींना कलिंगडाची फाक लावावी तसा लाल तुकडा असतो. ज्या जीनवर काम चाललंय तो कायनेटोकोरचा, म्हणजे विभाजनात गुणसूत्राला धरून ओढणाऱ्या प्रोटीनांच्या यंत्रणेचा, असेल तर विचारायलाच नको, पोस्टरचं शीर्षकसुद्धा ठरलेलं असतं. आठवड्याने तोच प्रयोग परत केला की आकडा निम्म्यावर येतो, नाहीतर कंट्रोलमध्येही, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या निरोगी यीस्टमध्येही, तेवढ्याच फाका दिसतात. मग चेहरा पडतो आणि मला मेसेज येतो.

प्रत्येक वेळी मी तेच सांगत बसते, म्हणून एकदाचं लिहून काढते. हे बेकरीच्या यीस्टबद्दल, म्हणजे सॅक्रोमायसीस सेरेव्हिसिएबद्दल आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं की कायनेटोकोरवर आरोप ठेवायच्या आधी प्लाझ्मिड नेमका कोणत्या पायरीवर हरवला ते शोधा. लाल फाक एवढंच सांगते की तो आता इथे नाही.

आधी रंगाचं

या प्रयोगासाठी वापरतो त्या स्ट्रेनमध्ये, म्हणजे यीस्टच्या वाणात, एडीई२ हा जीन मोडलेला असतो. ॲडेनिन तयार करण्याची साखळी मध्येच अडते, अडलेला पदार्थ साचतो, ग्लुटाथिओनला जोडला जाऊन पेशीतल्या व्हॅक्युओलमध्ये जातो आणि तिथे त्याचा लाल रंग होतो. आपल्या प्लाझ्मिडवर एसयूपी११ असतो. हा एक सप्रेसर टीआरएनए. एडीई२-१०१ मधला चुकीचा 'थांबा' तो वाचून पुढे नेतो. प्लाझ्मिड आहे तोवर पेशी पांढरी, गेला की लाल.

पहिला घोळ मीडियात, म्हणजे यीस्ट वाढवायच्या खाद्यात, होतो. ॲडेनिन भरपूर असेल तर पेशी ती साखळी चालवतच नाही, मग लाल काय होणार? साध्या वायपीडीत, म्हणजे यीस्टच्या रोजच्या मीडियात, ॲडेनिन किती येईल ते यीस्ट एक्स्ट्रॅक्टच्या बाटलीवर अवलंबून, म्हणजे नवा डबा उघडला की नवा निकाल. मोजायच्या प्लेट सिंथेटिक मीडियात, लिटरला ६ ते १० मिलिग्रॅम ॲडेनिन घालूनच कराव्यात. ३० अंशाला चार-पाच दिवस आणि मग दोन दिवस फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये रंग चढतो. घाई करून तिसऱ्या दिवशी मोजलेल्या प्लेटवर मी विश्वास ठेवत नाही. एका प्लेटवर दोनशे-अडीचशेपेक्षा जास्त कॉलन्या असतील तर त्या बारीक राहतात, फिक्या राहतात आणि फाक डोळ्यांना दिसत नाही.

दुसरा घोळ पेटिटचा, आणि हा भल्याभल्यांना फसवतो. लाल रंग तयार व्हायला पेशीचं श्वसन चालू असावं लागतं. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए बिघडला की पेशी 'पेटिट' होते आणि एडीई२ मोडलेला असूनही पांढुरकीच राहते. लॅबमधल्या स्ट्रेनमध्ये शंभरातली एखादी पेशी आपसूक पेटिट निघते, काही स्ट्रेनमध्ये त्याहून जास्त. त्यामुळे लाल कॉलनीत पांढरी फाक दिसली की लोक म्हणतात, प्लाझ्मिड परत आला. अहो, गेलेला प्लाझ्मिड परत कुठून येणार? ती पेटिट आहे. उलट बाजूचं नुकसान तर दिसतही नाही: जी पेशी आधी पेटिट झाली आणि मग प्लाझ्मिड हरवून बसली, ती पांढरीच दिसते आणि तुमची गळती कमी मोजली जाते. उपाय सोपा आहे. टूथपिकने शंकास्पद भाग उचला, ग्लिसरॉलच्या प्लेटवर रेघ ओढा. श्वसन नसेल तर ग्लिसरॉलवर वाढ होत नाही. प्रयोग सुरू करण्याआधीचा स्ट्रेनसुद्धा एकदा ग्लिसरॉलवर वाढवून घ्यावा. मी तर फ्रीझरमधून काढलेला प्रत्येक स्ट्रेन पहिल्यांदा तिथेच पसरते.

मोजताना

मोजायच्या असतात त्या निम्म्या लाल झालेल्या कॉलन्या. एक पेशी प्लेटवर पडली, तिचं पहिलंच विभाजन झालं आणि त्यात एका मुलीला, म्हणजे झालेल्या दोन पेशींपैकी एकीला, प्लाझ्मिड मिळाला नाही, तर कॉलनी अर्धी लाल होते. अशा कॉलन्यांना लाल नसलेल्या एकूण कॉलन्यांनी भागलं की दर विभाजनामागची गळती मिळते. पूर्ण लाल कॉलन्या या हिशेबात अजिबात धरायच्या नाहीत. त्यांचा प्लाझ्मिड प्लेटवर येण्याआधीच, रात्रीच्या कल्चरमध्ये, गेलेला असतो. "माझ्याकडे ३० टक्के कॉलन्या लाल आहेत" असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, कल्चर कशात वाढवलं होतं? वायपीडीत रात्रभर दहा पिढ्या सहज होतात. दर पिढीला ३ टक्के गळती धरली तरी सकाळी चौथा हिस्सा पेशी रिकाम्या निघतात. सिलेक्शनच्या मीडियातही, म्हणजे प्लाझ्मिडशिवाय वाढता येऊ नये अशा मीडियातही, दहातली एखादी पेशी प्लाझ्मिडविना असतेच, कारण आईकडून मिळालेल्या प्रोटीनवर ती दोन-तीन पिढ्या निभावून नेते.

लाल पेशी जरा हळू वाढतात, म्हणून अर्धी लाल कॉलनी काटेकोर अर्धी नसते. काही स्ट्रेनच्या पेशी गठ्ठ्याने चिकटून राहतात. आई आणि मुलगी सुट्या न होता एकत्र प्लेटवर पडल्या आणि त्यातली एक आधीच रिकामी असली, तर हुबेहूब अर्धी-अर्धी कॉलनी तयार होते. विभाजनाशी तिचा काही संबंध नसतो. पसरण्याआधी दोन-चार सेकंद सोनिकेट करा, म्हणजे ध्वनिलहरींनी गठ्ठे सुटे करा, आणि थेंबभर मायक्रोस्कोपखाली बघा. एवढ्यानेच कित्येक 'म्युटंट' बरे झालेले मी पाहिलेत.

आणि कंट्रोल. सेंट्रोमिअर (कायनेटोकोर बसतो ती डीएनएवरची जागा) असलेला छोटा गोल प्लाझ्मिड निरोगी पेशीतूनही दर विभाजनाला शंभरात एखाद्या वेळी जातो. खऱ्या गुणसूत्राचा हिशेब लाखात एकदा असा आहे. म्हणजे ५०० कॉलन्यांत निरोगी स्ट्रेनमध्येही ५ फाका येणारच. म्युटंटमध्ये ९ आल्या म्हणून पेढे वाटू नका, तेवढा फरक नशिबानेही पडतो. दोन-तीन हजार कॉलन्या मोजा. कंटाळवाणं आहे, मान्य. मी गाणी लावून मोजते.

फाकेचा रंग काय सांगतो

डिप्लॉइड, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच असलेला स्ट्रेन, वापरलात तर तीन रंग मिळतात: प्लाझ्मिड नसेल तर लाल, एक प्रत असेल तर गुलाबी, दोन असतील तर पांढरा. आणि इथे खरी मजा सुरू होते. पेशीत एक प्रत होती, ती दुप्पट झाली, दोन्ही प्रती एकाच मुलीकडे गेल्या, तर कॉलनी पांढरी-लाल. दुसरीकडे, प्रत दुप्पट झालीच नाही, किंवा झाली पण एक वाटेत हरवली, तर गुलाबी-लाल.

पांढरी-लाल फाक म्हणजे वाटणीतली चूक, आणि वाटणी हे कायनेटोकोरचं काम. गुलाबी-लाल फाकेत पहिला संशय डीएनएच्या नकलेवर, म्हणजे एआरएसवर जातो. एआरएस ही नक्कल सुरू होण्याची जागा. प्लाझ्मिडवर ती बहुधा एकच असते. ती एखाद्या फेरीत पेटली नाही की काम संपलं. याची सरळ परीक्षा आहे. त्याच प्लाझ्मिडवर आणखी काही एआरएस जोडा. गळती खाली आली तर तुमच्या म्युटंटचा दोष नक्कल सुरू करण्यात आहे, कायनेटोकोर सुटला. नक्कल सुरू करायला लागणाऱ्या सीडीसी६ या जीनचे म्युटंट असेच ओळखले गेले. जराही फरक पडला नाही तर मग कायनेटोकोरकडे वळा. ही परीक्षा लोक का टाळतात मला कळत नाही, एक क्लोनिंग तर आहे.

आता सेंट्रोमिअर

१९८० साली कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बरा इथे लुईस क्लार्क आणि जॉन कार्बन यांनी यीस्टच्या तिसऱ्या गुणसूत्राचा सेंट्रोमिअर वेगळा काढला. कुठल्याही सजीवाचा वेगळा काढलेला हा पहिला सेंट्रोमिअर. पुढे कळलं की त्यातला कामाचा भाग जेमतेम १२५ अक्षरांचा आहे. त्याचे तीन तुकडे. पहिला सीडीई-१, आठ अक्षरांचा. तो काढला तर गळती वाढते, पण सेंट्रोमिअर मरत नाही. मधला सीडीई-२, ऐंशीच्या आसपास अक्षरं आणि त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त ए आणि टी. तिसरा सीडीई-३, पंचवीस अक्षरांचा, आणि त्याच्या मधोमध सी-सी-जी. सी-सी-जी या तीन अक्षरांतलं एखादं बदललं तरी खेळ खल्लास होऊ शकतो. पीसीआरने सेंट्रोमिअर उचलून नव्या व्हेक्टरमध्ये (जीन वाहून नेणाऱ्या प्लाझ्मिडमध्ये) टाकला असेल तर पूर्ण सिक्वेन्स वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. ए-टीच्या लांबलचक रांगेत एक-दोन अक्षरं इकडचीतिकडे झालेली जेलवर कधीच दिसणार नाहीत.

सीडीई-३ वर सीबीएफ३ नावाचा चार प्रोटीनांचा संच बसतो, एनडीसी१० त्यातलाच. तो बसला की सीएसई४ असलेला एकच न्यूक्लिओसोम (डीएनए गुंडाळलेली प्रोटीनची गुंडी) तिथे रचला जातो. नेहमीच्या न्यूक्लिओसोममध्ये जिथे हिस्टोन एच३ असतो तिथे इथे सीएसई४. त्यावर एमआयएफ२ वगैरे आतली मंडळी, मग एमटीडब्ल्यू१ चा संच, मग एनडीसी८० चा ५७ नॅनोमीटर लांब दांडा, आणि दांड्याच्या टोकाशी सूक्ष्मनलिकेभोवती (पेशीच्या ध्रुवाकडून येणाऱ्या, गुणसूत्र ओढणाऱ्या प्रोटीनच्या दोराभोवती) डॅम१ चं कडं. काठीत बांगडी घालावी तसं हे कडं सूक्ष्मनलिकेत असतं. नलिकेचं टोक झिजत आखडत गेलं की बांगडी मागे सरकते आणि तिच्याबरोबर गुणसूत्र ओढलं जातं.

बेकरीच्या यीस्टची खासियत अशी की एका कायनेटोकोरला एकच सूक्ष्मनलिका. हॅप्लॉइड, म्हणजे एकच संच असलेल्या, पेशीत सोळा गुणसूत्रं, दुप्पट झाल्यावर बत्तीस कायनेटोकोर, आणि त्यांना धरणाऱ्या नलिका बत्तीसच. माणसाच्या पेशीत एका कायनेटोकोरला अनेक नलिका धरतात, एखादी निसटली तरी चालून जातं. इथे एकुलता एक दोर आहे, म्हणून तो बरोबर धरलाय की नाही हे तपासणारी व्यवस्था कडक लागते.

ती व्यवस्था म्हणजे आयपीएल१ हा कायनेज, दुसऱ्या प्रोटीनांना फॉस्फेट लावणारा एन्झाइम. जुळ्या प्रती दोन वेगवेगळ्या ध्रुवांना जोडल्या गेल्या की मध्ये ताण येतो. दोन्ही एकाच ध्रुवाला जोडल्या गेल्या तर ताण नाही. ताण नसेल तर आयपीएल१ डॅम१ आणि एनडीसी८० यांना फॉस्फेट लावतो, पकड सैल होते, नलिका सुटते आणि पुन्हा जोडायची संधी मिळते. २०१० मध्ये सिएटलच्या सू बिगिन्स आणि चार्ल्स ॲस्बरी यांच्या गटांनी यीस्टमधून अख्खे कायनेटोकोर शुद्ध करून काचेच्या पट्टीवर सूक्ष्मनलिकांना लटकवले आणि लेझरच्या चिमट्याने ओढले. बेताच्या ताणाखाली पकड जास्त काळ टिकली! म्हणजे ताणाचा फायदा दुहेरी आहे. तो आयपीएल१ ला लांब ठेवतो आणि कायनेटोकोरची मूठही घट्ट करतो.

प्लेटवर याचा अर्थ असा. आयपीएल१-३२१ म्युटंटमध्ये चुकीची पकड सुटतच नाही, दोन्ही प्रती एकाच बाजूला जातात, बहुतेकदा जुना ध्रुव जातो त्या कळीकडे. डिप्लॉइडमध्ये पांढऱ्या-लाल फाका भरपूर. तुमच्या म्युटंटमध्ये गुलाबी-लाल फाका जास्त असतील आणि तुम्ही आयपीएल१ ची गोष्ट रचत असाल, तर गाडी चुकीच्या फलाटावर लागली आहे.

माझे तीन महिने

हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. कायनेटोकोरचं एक प्रोटीन जास्त प्रमाणात तयार केलं तर काय होतं हे मी बघत होते. जीन जीएएल१ प्रोमोटरखाली, म्हणजे गॅलॅक्टोज मिळाला की जीन चालू करणाऱ्या बटणाखाली, सेंट्रोमिअरवाल्या प्लाझ्मिडवर. ग्लुकोजमध्ये सगळं ठीक. गॅलॅक्टोजमध्ये आठ-दहा पिढ्या वाढवून परत ग्लुकोजच्या प्लेटवर पसरलं की प्लेट लालभडक. मी खूश. प्रोटीन जास्त झालं की विभाजन बिघडतं, कथा जमली.

रिकाम्या व्हेक्टरचा कंट्रोल मी फक्त ग्लुकोजमध्ये ठेवला होता. तो गॅलॅक्टोजमध्ये ठेवायला एका सिनियरने भाग पाडलं. त्याची प्लेटही तेवढीच लाल. प्रोटीनच नाही, तरी गळती! रात्री नकाशा उघडून बसले तेव्हा कळलं की क्लोनिंग सोपं व्हावं म्हणून मी टर्मिनेटरचा तुकडा, म्हणजे आरएनए बनवणं जिथे थांबतं तो भाग, कापून टाकला होता, आणि जीएएल१ चं तोंड थेट सेंट्रोमिअरकडे होतं. गॅलॅक्टोज आला की आरएनए पॉलिमरेज सेंट्रोमिअरवरून धडधडत जात होता आणि कायनेटोकोर बसूच देत नव्हता. हिल आणि ब्लूम यांनी १९८७ मध्ये नेमकी हीच गोष्ट मुद्दाम करून हवा तेव्हा बंद करता येणारा सेंट्रोमिअर बनवला होता. आजही ती पद्धत वापरतात: ग्लुकोजमध्ये सेंट्रोमिअर चालू, गॅलॅक्टोजमध्ये बंद. मी तोच प्रयोग नकळत, तीन महिने, पगार घेऊन केला.

टर्मिनेटर परत घातला, गळती गेली. आता कुणाच्याही नकाशात जीएएल१ आणि सेंट्रोमिअर जवळ दिसले की मी बाणाची दिशा आधी बघते. शक्य असेल तर असा जीन प्लाझ्मिडवर ठेवूच नका, गुणसूत्रात घाला.

याचंच भावंड म्हणजे दोन सेंट्रोमिअर. एखाद्याने सेंट्रोमिअरजवळचा जीन क्लोन करताना शेजारचा सेंट्रोमिअरही उचलला आणि तो तुकडा सेंट्रोमिअरवाल्या व्हेक्टरमध्ये टाकला. एकाच प्लाझ्मिडचे दोन सेंट्रोमिअर दोन ध्रुवांकडे ओढले जातात, प्लाझ्मिड तुटतो, आणि जो वाचतो त्यातला एक सेंट्रोमिअर उडालेला असतो. लक्षण ठरलेलं: ट्रान्सफॉर्मेशनच्या कॉलन्या कमी येतात, लहानमोठ्या येतात, आणि त्यातून प्लाझ्मिड परत ई. कोलायमध्ये काढून कापला तर पट्ट्या नकाशाशी जुळत नाहीत.

मायक्रोस्कोपखाली: दोन ठिपके म्हणजे काय

प्लेट झाल्यावर लोक मायक्रोस्कोपकडे येतात. सेंट्रोमिअरशेजारी लॅक ऑपरेटरची लांब रांग घातलेली, त्यावर बसणारा, हिरवा चमकणारा जीएफपी, म्हणजे सेंट्रोमिअर हिरवा ठिपका होऊन दिसतो. आणि मग प्रश्न येतो: "मध्यम आकाराची कळी आहे, ॲनाफेज (प्रती दूर जाण्याचा टप्पा) नाही, तरी ठिपके दोन. जुळ्या प्रती वेळेआधी सुटल्या ना?"

नाही सुटल्या. हे निरोगी पेशीतही दिसतं. दोन्ही बाजूंनी ओढ लागली की सेंट्रोमिअरजवळचा भाग ताणला जातो आणि दोन ठिपके पाऊण-एक मायक्रॉनपर्यंत लांब जातात. बाहू मात्र कोहेसिनने, म्हणजे जुळ्या प्रतींना बांधणाऱ्या प्रोटीनने, एकत्र धरलेले असतात. ठिपके जवळ येतात, लांब जातात, पुन्हा जवळ येतात. ताण बरोबर आहे याचाच तो पुरावा. उलट मेटाफेजला (प्रती दूर जाण्याआधीच्या टप्प्याला) थांबवलेल्या पेशीत, म्हणजे सीडीसी२० काढून घेतलेल्या पेशीत, एकच ठिपका एका ध्रुवाला चिकटून राहिला असेल तर काळजी करा. दोन्ही प्रती एकीकडे जोडल्या गेल्या असण्याची शक्यता तिथे आहे. ध्रुव दिसले नाहीत तर यातलं काहीच सांगता येत नाही, म्हणून एसपीसी४२ ला, म्हणजे ध्रुवावरच्या प्रोटीनला, लाल टॅग लावलेला असायलाच हवा. प्रती खरंच वेळेआधी सुटल्या का हे बघायचं असेल तर ठिपका बाहूवर, सेंट्रोमिअरपासून लांब घ्या.

एक ठिपका दिसला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका, दोन ठिपके एकावर एक खोलीतही असू शकतात. ०.३ मायक्रॉनच्या पायरीने चित्रं घ्या आणि सगळी एकत्र चेपण्याआधी एकेक चाळून बघा.

टॅगबद्दल एवढंच: सीएसई४ च्या टोकाला जीएफपी लावून पेशी बरी दिसते म्हणून भुलू नका. अनुभवी लोक तो टॅग त्याच्या एन-टोकाच्या शेपटीत मधेच घालतात. प्रोटीन जास्त झालं की सीएसई४ गुणसूत्राच्या बाहूंवरही जाऊन बसतो. पीएसएच१ त्याला तिथून शोधून नष्ट करतो, पण त्यालाही मर्यादा आहे. टॅग लावलेला स्ट्रेन बेनोमिल या सूक्ष्मनलिका मोडणाऱ्या औषधाच्या प्लेटवर मूळ स्ट्रेनच्या बरोबरीने वाढतो का, हे बघूनच पुढचं काम.

नोकोडाझोल आणि बेनोमिल, पटकन

नोकोडाझोलही सूक्ष्मनलिका मोडणारं औषध. त्याने पेशी थांबत नाहीत अशी तक्रार आली की आधी औषध बघा, मग चेकपॉइंट, म्हणजे जोडणी पुरी होईपर्यंत विभाजन थांबवणारी यंत्रणा. मिलिलिटरला १५ मायक्रोग्रॅम, डीएमएसओतला ताजा स्टॉक, थंड मीडियात ओतला तर खाली बसतो. दोन-अडीच तासांनी नव्वद टक्के पेशींना मोठी कळी आणि एकच केंद्रक दिसायला हवं. निरोगी स्ट्रेन थांबला आणि तुमचा नाही थांबला, तरच एमएडी आणि बीयूबी या चेकपॉइंटच्या जीनांचं नाव काढा. हे जीन १९९१ मध्ये अशाच न थांबणाऱ्या म्युटंटमधून सापडले. एनडीसी१०-१ हा ३७ अंशाला नोकोडाझोलमध्ये थांबत नाही. पण त्याचा चेकपॉइंट मोडलेला नसतो. कायनेटोकोरच बसलेला नसतो, मग 'थांबा' असा निरोप पाठवणार कोण? एनडीसी१० चा म्युटंट घेऊन चेकपॉइंटचा जीन सापडल्याचं सांगणारे मला दोनदा भेटलेत.

बेनोमिल गरमागरम अगारमध्ये, ढवळत, थेंबाथेंबाने घाला. सगळं एकदम ओतलं तर पांढरे कण बसतात आणि प्लेटच्या एका कोपऱ्यात औषध जास्त, दुसऱ्यात नाही. पाण्यात बेनोमिलचं कार्बेन्डाझिम होतं, आणि कार्बेन्डाझिम द्राक्षवाल्यांना आणि हळद-आल्याची बेणेप्रक्रिया करणाऱ्यांना बाविस्टिन म्हणून चांगलंच ओळखीचं आहे. बुरशीच्या ट्युब्युलिनला, म्हणजे सूक्ष्मनलिका ज्याची बनते त्या प्रोटीनला, पकडायचं, हेच त्याचं शेतातलं काम आणि हेच आपल्या प्लेटवरचं. आमच्या लॅबमधल्या सांगलीच्या मुलाने बेनोमिलचा वास घेऊन सांगितलं होतं की हे घरी गोठ्यात ठेवलेलं असतं. त्याला हातमोजे घालायला लावले.

दुसरा यीस्ट असेल तर

पोम्बे या दुसऱ्या जातीच्या यीस्टमध्ये हे बेकरी यीस्टचे छोटे सेंट्रोमिअर चालत नाहीत. त्याची गुणसूत्रं तीन, सेंट्रोमिअर ३५ ते ११० हजार अक्षरांचे, पुनरावृत्त्यांनी भरलेले, आणि एका कायनेटोकोरला दोन ते चार नलिका. कँडिडा अल्बिकन्स या माणसाला रोग करणाऱ्या यीस्टमध्ये आणखी वेगळं: आठ गुणसूत्रं, आणि सीएसई४ बसतो ते तीन-साडेतीन हजार अक्षरांचे भाग एकमेकांसारखे नाहीतच. कौस्तुव सन्याल यांनी जॉन कार्बन यांच्याबरोबर २००४ मध्ये ते दाखवलं आणि पुढे बंगळुरूमध्ये त्यावर काम वाढवलं. तिथे फक्त डीएनएचा तुकडा प्लाझ्मिडवर टाकून सेंट्रोमिअर मिळत नाही. त्यामुळे कँडिडात "सेंट्रोमिअरवाला प्लाझ्मिड टिकत नाही" ही तक्रारच नाही, तो टिकायची अपेक्षाच चुकीची.

मला विचारायचं असेल तर

फक्त प्लेटचा फोटो पाठवू नका. स्ट्रेन हॅप्लॉइड की डिप्लॉइड. ॲडेनिन किती घातलं. प्लेट किती दिवसांची. आधीचं कल्चर कोणत्या मीडियात आणि किती तास. एकूण कॉलन्या, पूर्ण लाल किती, अर्ध्या किती, आणि अर्ध्यांतल्या गुलाबी-लाल किती, पांढऱ्या-लाल किती. ग्लिसरॉलवर कोण वाढलं. त्याच दिवशी, त्याच मीडियाच्या बाटलीतून पसरलेल्या निरोगी स्ट्रेनचे आकडे. आणि प्लाझ्मिडचा नकाशा, बाणांसकट. इनक्यूबेटरच्या काचेवरचा आकडा नको, आतल्या ज्या कप्प्यात प्लेट होत्या तिथे थर्मामीटर ठेवून बघितलेलं तापमान द्या. आमच्या इनक्यूबेटरच्या वरच्या कप्प्यात ३० चं ३३ होतं, आणि ते कळेपर्यंत तापमानाला हळव्या एका म्युटंटने दोन जणांना नाचवलं होतं.